एक खुर्ची, दोन केटी

हिंजवडीच्या फेज दोनमध्ये एका सॉफ्टवेअर सेवा कंपनीच्या मोबिलिटी विभागात मी अठरा वर्षं काढली. मोबिलिटी हा शब्द भारदस्त आहे, काम कारकुनीचं. कोणाला ऑनसाइट, म्हणजे परदेशातल्या क्लायंटकडे, पाठवायचं ते डिलिव्हरीवाले ठरवत आणि त्याच्या नावानं कागद आम्ही उभे करत. डिग्रीच्या प्रती, अनुभवाची पत्रं, क्लायंटचं पत्र आणि मुख्य म्हणजे त्याला वेतनाच्या कुठल्या पायरीवर बसवायचं तो आकडा. त्या टेबलावरून गेलेल्या फायलींपैकी एक इथे उलगडते आहे. नावं माणसांची देत नाही, कंपन्यांचीही नाही. खोटी नावं घातली की माणसं गोष्टीतली वाटायला लागतात, म्हणून एकाला नुसतं 'अभियंता' म्हणते आणि दुसऱ्याला 'म्हातारा'. म्हातारा हे नाव त्या गृहस्थानं स्वतःच स्वतःला दिलेलं आहे.

हीच फाइल घेण्याचं कारण असं की अमेरिकेत नोकरी करायला लागणाऱ्या एच-वन-बी व्हिसावरून तिकडे आणि इकडे जे भांडण चालतं त्यातली झाडून सगळी पात्रं हिच्यात आहेत, आणि नोकरी मात्र एकच आहे. एक खुर्ची. ती कुठून कुठे गेली एवढंच बघायचं.

फाइल

अभियंता सांगलीचा. पुण्यात इंजिनिअरिंग केलं, कॅम्पसमधून आमच्याकडे आला आणि ट्रेनिंग संपल्यावर मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या जुन्या पद्धतीच्या अवाढव्य संगणकांवर, टाकला गेला. मेनफ्रेम मिळालं की त्या काळात मुलं अक्षरशः रडायची, कारण सगळ्यांना जावा हवं असे. कोबोल म्हणजे आजोबांची भाषा. पण अमेरिकेतल्या विमा कंपन्यांचं निम्मं आयुष्य त्याच भाषेत लिहिलेलं, त्यामुळे ऑनसाइटचा नंबर मेनफ्रेमवाल्यांचा लवकर लागायचा. याचा २०१४ मध्ये लागला.

एच-वन-बीच्या वार्षिक जागा ६५,०००, आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी वेगळ्या २०,०००. त्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अर्ज आले सुमारे १,७२,५००. म्हणजे सोडत. आता मार्चमध्ये ऑनलाइन नोंदणी होते आणि नाव निघालं तरच पुढचे कागद लागतात. तेव्हा अख्खा गठ्ठा आधी पाठवावा लागे, आणि नाव नाही निघालं तर तो तसाच परत येई. याचं नाव निघालं. आईनं सांगलीहून पेढे पाठवले. ते आम्ही चौघींनी वाटून खाल्ले.

आता आकड्याकडे येते, कारण माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. परदेशी माणसाला त्या भागातल्या त्या कामाच्या प्रचलित वेतनापेक्षा कमी देता येणार नाही, असं कायदा सांगतो. पण 'प्रचलित'च्या चार पायऱ्या आहेत. पहिली पायरी म्हणजे त्या कामाचे पगार चढत्या क्रमानं मांडले तर शंभरातला सतरावा माणूस. दुसरी म्हणजे चौतिसावा, तिसरी पन्नासावा, चौथी सदुसष्टावा. म्हणजे पहिल्या दोन पायऱ्या मधल्या माणसाच्याही खाली. आणि कोणाला कुठल्या पायरीवर घालायचं ते कामाच्या वर्णनावरून ठरतं, ते वर्णन लिहिणार आम्ही. अभियंत्याला दुसऱ्या पायरीवर घातलं. सही वकिलाची होती, आकडा मी भरला होता.

त्यात आणखी एक पळवाट होती. ज्या कंपनीच्या अमेरिकेतल्या मनुष्यबळात १५ टक्के किंवा जास्त लोक एच-वन-बीवर असतात, तिला जादा हमी द्यावी लागते: या माणसामुळे तिथल्या कोणाला, अगदी क्लायंटच्या कर्मचाऱ्यालाही, काढलं जाणार नाही. मात्र पगार वर्षाला ६०,००० डॉलर किंवा त्याहून जास्त असेल तर ही हमी माफ. ही रेषा १९९८ च्या कायद्यातली. महागाई कुठल्या कुठे गेली, रेषा तिथेच राहिली. आमच्या फायलींमधले पगार साठ हजारांच्या जेमतेम वर का असत, हे यावरून कळेल. यात बेकायदा काही नव्हतं. मला त्याचं तेव्हा काही वाटलंही नव्हतं. एप्रिलमध्ये आमच्याकडे रात्री दहापर्यंत कुरिअरची धावपळ असायची, वाटायला वेळ कुठे होता?

म्हातारा

अभियंता नोव्हेंबर २०१४ मध्ये मिडवेस्टमधल्या त्या विमा कंपनीत पोहोचला. तिथे त्याला केटी घ्यायची होती. केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, पण हिंजवडीत ते कोणी पूर्ण म्हणत नाही. 'केटी कधी संपते?' हा प्रश्न इथे 'लग्न कधी आहे?' इतक्या सहज विचारला जातो. जो शिकवणार तो अठ्ठावन्न वर्षांचा होता. पॉलिसीचं रात्रीचं बॅच, म्हणजे रात्री एकगठ्ठा आपोआप चालणारे प्रोग्रॅम, त्याच्या हाताखालून सत्तावीस वर्षं जात होतं. केटी पूर्ण झाल्याच्या कागदावर सही केली तरच त्याला नोकरी सुटतानाचे पैसे मिळणार होते.

एक कागद मात्र अभियंत्याच्या आधी तिथे पोहोचला होता. परदेशी माणूस जिथे प्रत्यक्ष बसणार त्या ठिकाणी, क्लायंटच्या ऑफिसात का असेना, दोन ठळक जागी सूचना लावावी लागते. काम कोणतं, किती माणसं, पगार किती, कुठून कुठपर्यंत. ती सूचना आमच्याकडूनच गेली होती, आणि क्लायंटनं ती कॅन्टीनमध्ये कॉफी मशीनशेजारी लावली. म्हाताऱ्यानं ती वाचली. त्याचा स्वतःचा पगार जवळजवळ दीडपट होता.

पहिले दोन आठवडे तो विचाराल तेवढंच सांगे. वेळापत्रकाप्रमाणे स्लाइड दाखवायच्या, पाच वाजले की डबा उचलून चालू लागायचं. तिसऱ्या आठवड्यात महिनाअखेरचं बॅच मध्यरात्रीनंतर पडलं. एस-झिरो-सी-सेव्हन. आकडा असायला हवा तिथे भलतंच काही आलं की मेनफ्रेम हा कोड तोंडावर फेकतं. अभियंत्यानं फोन केला आणि म्हातारा बर्फातून गाडी घालून आला. चूक त्यानं दहा मिनिटांत शोधली, पण पहाटेपर्यंत तिथेच बसला आणि हे असं का लिहिलंय, ते तसं का नाही, हे सांगत राहिला. कोबोलच्या प्रोग्रॅमच्या डोक्यावर बदलांची नोंद असते, तारीख आणि करणाऱ्याची आद्याक्षरं. १९८७ पासून एकच आद्याक्षरं खाली खाली उतरत आलेली. अभियंता म्हणतो, खरी केटी त्या रात्री झाली, बाकी सगळी कागदावर.

त्याच रात्री म्हातारा त्याला म्हणाला, की तुझ्यावर राग नाही, पण माझ्यासारख्या म्हाताऱ्याला आता कोण ठेवून घेणार? आणि सूचनेबद्दल म्हणाला, 'त्यांनी तुझा पगार भिंतीवर लावला, पण मी त्यात माझी किंमत वाचली.' अभियंत्यानं हे मला पुढे सुट्टीवर आला तेव्हा सांगितलं. मी विषय बदलला.

याच सुमारास फ्लोरिडात डिस्नेनं सुमारे अडीचशे तंत्रज्ञांना काढलं. त्यांतल्या काहींना आपल्या जागी येणाऱ्यांना शिकवून जावं लागलं, आणि अमेरिकी वर्तमानपत्रांत गहजब झाला. आमच्या म्हाताऱ्याचं नाव कुठेच आलं नाही. त्यांच्या विभागातून गेलेली माणसं तेरा होती, तेवढ्यावर बातमी होत नाही.

आता इथे कोणाचं खरं मानायचं? व्हिसाची बाजू घेणारे म्हणतात, अमेरिकेत कौशल्य मिळत नाही म्हणून बाहेरून आणावं लागतं. या खुर्चीपुरतं ते साफ खोटं होतं. कौशल्य तिथेच बसलं होतं आणि नवीन माणसाला शिकवत होतं. विरोधक म्हणतात, परदेशी येऊन नोकरी खातात. तेही तितकंच पोकळ. नोकरी हलवायचं विमा कंपनीनं ठरवलं, हिशेब आमच्या विक्रीवाल्यांनी मांडला, आकडा मी भरला. अभियंत्याला तर क्लायंटचं नाव विमानाच्या तिकिटाच्या आठवडाभर आधी कळलं होतं.

मधली अकरा वर्षं

ही भराभर सांगते. २०१७ च्या मुदतवाढीला आरएफई आली, म्हणजे आणखी पुरावे द्या. त्या वर्षी त्या पावसासारख्या येत होत्या. दिल्या. २०१५ पासून एच-फोरवरच्या, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावरच्या, जोडीदारांना अटी घालून काम करायची परवानगी मिळू लागली होती, पण त्यासाठी मालकानं ग्रीन कार्डाकरता नवऱ्याच्या नावानं केलेला अर्ज, आय-१४०, मंजूर लागतो. तोवर त्याची बायको, पुण्यात चांगली प्रॅक्टिस असलेली आर्किटेक्ट, तीन वर्षं घरी बसली. मुलगी झाली, ती जन्मानं अमेरिकन. घर घेतलं.

पण या काळात एक गोष्ट घडली जी दोन्ही बाजूंच्या भाषणांत कधी येत नाही. त्या विमा कंपनीनं ते जुनं बॅच जावावर न्यायचं ठरवलं. दोन मोठ्या सल्लागार कंपन्यांनी हात टेकले, कारण जुन्या कोडमध्ये काय का आहे हे सांगणारा माणूस उरला नव्हता. उरला होता तो एकच, म्हाताऱ्याकडून शिकलेला. २०१९ मध्ये विमा कंपनीनं त्याला आमच्याकडून सरळ उचललं आणि वरच्या पायरीच्या पगारावर घेतलं. २०१४ मध्ये तो स्वस्त होता म्हणून गेला आणि २०१९ मध्ये दुसरा मिळत नव्हता म्हणून राहिला. माणूस तोच, व्हिसाही तोच. एच-वन-बीला हा फरक ओळखता येत नाही, आणि वाद घालणाऱ्यांतला प्रत्येक जण आपल्या सोयीचं वर्ष उचलतो. अर्थतज्ज्ञही एकमताचे नाहीत. जोव्हानी पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अमेरिकी शहरांत परदेशी तंत्रज्ञ वाढले तसे स्थानिक पदवीधरांचे पगारही वाढलेले दिसले. सोडतीत जिंकलेल्या आणि हरलेल्या कंपन्यांची तुलना करणाऱ्या दुसऱ्या गटाला जिंकलेल्यांकडे एकूण नोकऱ्या काही वाढलेल्या दिसल्या नाहीत.

नोकरी बदलली तरी तो मोकळा झाला नाही, मालक तेवढा बदलला. नोकरी गेली तर दुसरी शोधायला साठ दिवस, नाहीतर देश सोडायचा. ग्रीन कार्डाची रांग तर सांगूच नये. नोकरीच्या आधारावरची वर्षाला १,४०,००० कार्डं, आणि एका देशाला त्यातला साधारण ७ टक्के वाटा. याची रांगेतली तारीख २०१७ ची. २०२६ च्या सुरुवातीला त्याच्या वर्गातली भारताची रांग अजून २०१३ च्या अर्जदारांपाशी घुटमळत होती. अशा माणसानं मालकाकडे पगारवाढ मागावी ती कुठल्या तोंडानं? आणि तो मागत नाही म्हणूनच शेजारच्या खुर्चीवरचा अमेरिकनही महाग वाटतो. दोघांचं नुकसान एकाच दोरीनं होतं, हे मला फार उशिरा दिसलं.

शिक्का

नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या वडिलांची बायपास झाली. आई-वडील आता सिंहगड रोडला राहतात. तो डिसेंबरच्या सुरुवातीला एकटाच आला. बायकोची नोकरी आणि मुलीची शाळा तिकडे चालू. त्याच्या कामाची मंजुरी नोव्हेंबर २०२६ पर्यंत होती, पण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का २०२३ मध्येच संपला होता. यात लोकांची नेहमी गल्लत होते. मंजुरी तिथे राहून काम करण्यासाठी, शिक्का दारातून आत जाण्यासाठी. आत असेपर्यंत शिक्का संपला तरी बिघडत नाही. बाहेर पडलात की मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत जाऊन नवीन घ्यायचा. त्याची तारीख डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातली होती. सवाईचे शेवटचे दोन दिवस ऐकायचे, मुंबईला जाऊन यायचं आणि नाताळाला घरी, असा बेत.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं जाहीर केलं की १५ डिसेंबरपासून एच-वन-बी आणि एच-फोरच्या प्रत्येक अर्जदाराची समाजमाध्यमं तपासली जातील, खाती सगळ्यांना खुली करून ठेवा. एकेक अर्ज असा बघायचा म्हणजे दिवसाला कमी माणसं. भारतातल्या तारखा घाऊक पुढे ढकलल्या गेल्या. याला मेल आली तेव्हा पुण्यात उतरून चार दिवस झाले होते. नवी तारीख एप्रिलचा शेवटचा आठवडा. जुन्या तारखेला आलात तर आत सोडणार नाही, असं दूतावासानं वर बजावलं.

त्यानं फेसबुक उघडं केलं. दहा वर्षांत काय होतं तर गणपती, मुलीचे वाढदिवस आणि वाकडच्या पुलावरच्या वाहतुकीबद्दल चार जहाल पोस्ट. त्या काढू का, असं त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, राहू दे, पुण्याचा असल्याचा पुरावा आहे.

जानेवारीत मी त्याच्या घरी गेले. वडील खुर्चीत बसले होते, छातीला उशी धरून. मला म्हणाले, 'मॅडम, बारा वर्षं टॅक्स भरतोय हो तिकडं, आणि चोरासारखा दाराबाहेर उभा केलाय.' चहा झाला. मग बोलणं सोसायटीवर आलं, आणि तेच गृहस्थ त्याच आवाजात म्हणाले, की हिंजवडी सगळी बाहेरच्यांनी भरली, आमच्या पोरांना तिथे कोण विचारतो, कमी पगारात राबायला तयार असतात ना हे लोक. अभियंता खिडकीबाहेर बघत होता. हे वाक्य त्यानं त्या कॅन्टीनमध्ये इंग्रजीत ऐकलेलं असणार. मुंबईत १९६६ पासून हे वाक्य राजकारण चालवतं आहे, आणि राज्याच्या सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के स्थानिक घ्यावेत हा नियम आपल्याकडे कागदावर आहेच. म्हाताऱ्याला हसण्याचा अधिकार निदान आपल्याला नाही.

मला बोलावलं होतं ते सल्ल्यासाठी. तिकडचीच दुसरी एक कंपनी त्याला घ्यायला तयार होती, जास्त पगारावर. मी सांगितलं, आता नाही. २१ सप्टेंबर २०२५ पासूनच्या नव्या अर्जांवर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एक लाख डॉलर बसवले आहेत, तेव्हाच्या दरानं सुमारे ८८ लाख रुपये. आधीच्या मंजुरीला ते लागू नाहीत, आणि अमेरिकेत बसलेल्या माणसानं नोकरी बदलली तर सहसा लागत नाहीत. पण अमेरिकेबाहेर असलेल्या, वैध शिक्का नसलेल्या माणसासाठी नवीन कंपनीनं अर्ज केला की लागतात. तो तर सिंहगड रोडला बसलेला. मालकाच्या हातचा माणूस घट्ट करायचा असता तर यापेक्षा चांगला नियम कोणाला सुचला नसता. आणि ही रक्कम लावली कशासाठी, तर अमेरिकन कामगाराच्या रक्षणासाठी.

खराडी

त्याच्या विमा कंपनीनं २०२४ मध्ये खराडीला स्वतःचं केंद्र उघडलं होतं. पूर्वी याला कॅप्टिव्ह म्हणत, आता जीसीसी म्हणतात. मध्ये सेवा कंपनी नको, व्हिसा नको, काम सरळ इथेच. मॅनेजरनं त्याला कळवलं, की पुण्यात आहेसच तर तिथल्या टीमला बॅचची केटी देऊन टाक.

म्हणजे खुर्ची शेवटी पुण्यालाच आली. तिच्यावर अमेरिकन बसावा म्हणून जे कुंपण घातलं, त्यानं तिला ढकलून इथे आणलं. हे काही या एका फायलीचं नशीब नव्हे. ब्रिटा ग्लेनन या अर्थतज्ज्ञ बाईंनी अमेरिकी बहुराष्ट्रीय कंपन्यांचा अभ्यास केला आहे. २००४ साली एच-वन-बीची मर्यादा १,९५,००० वरून ६५,००० वर आली, त्यानंतर व्हिसावर अवलंबून असलेल्या कंपन्यांनी बाहेरच्या देशांतल्या शाखांत माणसं वाढवली. भारत, चीन आणि कॅनडात जास्त. खराडीच्या रिक्षावाल्याला हे अभ्यासाशिवाय माहीत आहे.

मी त्याला दुसराही एक रस्ता सांगितला. वर्षभर खराडीत मॅनेजर म्हणून राहा, मग कंपनी तुला एल-वनवर, म्हणजे आपल्याच परदेशातल्या शाखेतून माणूस नेण्याच्या व्हिसावर, परत नेऊ शकेल. त्याला सोडत नाही, लाख डॉलर नाहीत आणि प्रचलित वेतनाची अटही नाही. शिवाय अशा मॅनेजरांसाठी ग्रीन कार्डाची जी वेगळी रांग आहे ती भारतीयांसाठीही बरीच लहान. अकरा वर्षं तिथे राहून जे झालं नाही ते एक वर्ष पुण्यात राहून लवकर होण्याची शक्यता. सांगताना माझं मलाच हसू आलं. ज्या व्हिसावर आरडाओरडा आहे त्याला निदान चार पायऱ्या आहेत, भिंतीवरची सूचना आहे. शेजारचं दार उघडं आहे आणि तिथे म्हाताऱ्याला वाचायला कागदही लावत नाहीत.

तो नाही म्हणाला. मुलगी सात वर्षांची आहे, रोज रात्री व्हिडिओवर गृहपाठ दाखवते, आणि ते वर्षभर चालवायची त्याची तयारी नाही. तो एप्रिलची वाट बघतो आहे.

तोवर केटी चालू आहे. समोर पाच मुलं आहेत, त्यांत तीन मराठी, त्यांतली एक कराडची. मेनफ्रेम आता फार उरलेलं नाही, पण जुन्या पॉलिसींचा एक भाग अजून त्याच प्रोग्रॅमवर चालतो. त्यानं तो उघडून दाखवला, डोक्यावरच्या नोंदींसकट. एस-झिरो-सी-सेव्हन मुद्दाम पाडून दाखवला. कराडची मुलगी सगळं वहीत उतरवून घेत होती. तास संपल्यावर बाकीचे कॉफीला गेले, ती थांबली आणि म्हणाली, 'सर, मार्चची नोंदणी सुरू आहे ना? कंपनी आमची नावं घालेल का?'

२०२६ पासून सोडतही वजनाची झाली आहे. चौथ्या पायरीच्या पगाराचं नाव चारदा टाकतात, पहिल्याचं एकदा. मला हा बदल पटतो, आमच्यासारख्यांनी भरलेल्या आकड्यांवर तोच एक उतारा आहे. पण ती मुलगी दोन वर्षांच्या अनुभवाची, तिचं नाव एकदाच पडणार, आणि निघालं तरी वर लाख डॉलर. त्यानं तिला हे सगळं फळ्यावर मांडून समजावलं, पायऱ्या आणि टक्क्यांसकट. तिनं तेही वहीत लिहून घेतलं आणि मग विचारलं, 'आणि एल-वनला किती वर्षं लागतात, सर?'